विमलची तिसरी रांग

विमे, काल संध्याकाळी मी तुझा फोटो खुर्चीवरून उठवायला लावला. हारासकट. भरलेल्या नाट्यगृहात, सगळ्यांच्या देखत. तुला वाईट वाटलं नसणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण आपल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, प्रभाकरराव, अजून माझ्याशी धड बोललेले नाहीत. एरवी असं काही झालं की मी तुला फोन लावायची आणि तू म्हणायचीस, "कुंदे, आधी श्वास घे, मग भांड." आज फोन कुठं लावू? म्हणून लिहायला बसले.

दिवाळीच्या तोंडावर तू गेलीस. त्यानंतर तुझ्या घरी भेटायला येणारी माणसं सांगत होती, "विमलताई म्हणजे काय शांत स्वभाव!" शांत! अगं, डोळ्याला पदर लावलेला असताना मला हसू फुटलं. मंडळाच्या मीटिंगमध्ये टेबलावर असा हात आपटणारी, की प्रभाकररावांच्या पांढऱ्या पँटवर चहा सांडावा, ती बाई शांत? माणूस गेलं की लोक त्याला घासूनपुसून किती गुळगुळीत करून टाकतात. मी मात्र तुला होतीस तशीच ठेवणार आहे. खडबडीत.

सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की आपला नाट्यमहोत्सव. तू सात रस्ता चौकातल्या ऑफिसात क्लार्क, मी शुक्रवार पेठेतल्या शाळेत मराठीची बाई. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी मंडळ. माझ्याकडं माईक, तुझ्याकडं गेट. मी स्टेजवर उभी राहून नाटकाची ओळख करून द्यायची आणि तू बाहेर गेटासमोर, रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी. तिसरी घंटा होईपर्यंत आत ये म्हणलं तर यायची नाहीस, नंतरही दाराशीच उभी. मंडळात नव्यानं आलेल्या पोरींना वाटायचं, विमलताईंना नाटकाची आवड नसावी.

तुझं म्हणणं मात्र पक्कं होतं. "दारापर्यंत आलेला माणूस आत येतोच गं. परत जातो तो गेटावरनं. मग मी दारात उभं राहून काय दिवे लावू?"

पहिल्यांदा नाटकाला आलेलं माणूस तुला लांबूनच कळायचं. मला शिकवलंस ते सगळं, पण तुझी नजर मला कधी जमली नाही. ती माणसं फार लवकर येतात. अंगावर घडी न मोडलेले कपडे असतात. तिकीट पुन्हा पुन्हा काढून बघतात, आणि आपण काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून पोस्टर वाचत उभी राहतात. जुनी माणसं काय, तिसऱ्या घंटेला धावत येतात आणि स्वतःच्या घरात शिरावं तशी शिरतात. नवी माणसं मात्र चुकून भलत्याच लग्नाला आल्यासारखी कडेकडेनं उभी. तेवढ्यात तू रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी पोचलेली असायचीस.

आणि मग त्यांना थेट तिसऱ्या रांगेत नेऊन बसवायचीस. ही तिसरी रांग म्हणजे तुझं आणि मंडळाचं कायमचं भांडण. प्रभाकरराव म्हणायचे, पुढच्या रांगा मान्यवरांच्या. तू म्हणायचीस, "मान्यवरांना रस्ता माहीत आहे. त्यांना कुठंही बसवा, ते येतील की." पहिली रांग का नको, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणालीस, पहिल्या रांगेत बसलं की आपणच स्टेजवर असल्यासारखं वाटतं, नवा माणूस आक्रसून बसतो. तिसऱ्या रांगेत पुढंही माणसं, मागंही माणसं, आणि नटाच्या चेहऱ्यावरचा घाम तरी दिसतो. शेवटी टेबलावर हात आपटून तू ती रांग मिळवलीस. पण तीही एकदाच. पहिल्या दिवशी तिसरी रांग, दुसऱ्या दिवसापासून तिकिटाप्रमाणे जिथं नंबर असेल तिथं. "दुसऱ्यांदा आला की तो जुना झाला. जुन्याचे लाड नाहीत," हे तुझं ठरलेलं वाक्य.

रांगेत बसवलं की तू वाकून हळू आवाजात सांगायचीस. बाथरूम बाहेर डाव्या हाताला. मध्यंतर होतं, घाबरू नका, तेव्हा चहा मिळतो. आणि नाही आवडलं तर खुशाल उठून जायचं, कुणी काही म्हणत नाही. हे शेवटचं ऐकून मी तर आधी कपाळावर हात मारला होता. एवढं हाताला धरून आणायचं आणि बसल्या बसल्या जायची वाट दाखवायची? तू म्हणालीस, "उठून जाता येतं हे कळलं की माणूस निवांत बसतो. तू जाशील का कुणाकडं, जिथं दाराला बाहेरनं कडी घालतात?" मी विषय बदलला.

होटगीच्या गौरव्वा पहिल्यांदा आल्या तो दिवस आठवतो का? कसा नाही आठवणार! सुनेबरोबर आल्या होत्या. नाट्यगृहाच्या दारात त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी आत निघाल्या. मागच्या दोघीचौघी फिसकन हसल्या. गौरव्वांनी वळून बघितलं, आणि आपलं काहीतरी चुकलं हे त्यांच्या तोंडावर उमटायच्या आत तूही तुझ्या चपला काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या होत्यास. सगळी संध्याकाळ तू त्या थंडगार फरशीवरून अनवाणी हिंडलीस. नाटक सुटल्यावर बघतो तर तुझ्या नव्याकोऱ्या चपला गायब, गौरव्वांच्या जुन्या मात्र जिथल्या तिथं. "यव्वा, माज्यापाई तुमचं नुसकान झालं की ओ बाई," म्हणून त्या हळहळत होत्या आणि तू पोट धरून हसत होतीस. रिक्षात पाय वर घेऊन बसलीस तेव्हाही हसतच होतीस.

त्याच दिवशी त्यांनी दुसरा पराक्रम केला. नाटकात म्हातारा बाप शेवटच्या घटका मोजतोय, पोरगी त्याच्या उशाशी बसलेली, सगळं नाट्यगृह चिडीचूप. आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, कडाम्! गौरव्वांनी फडक्यातली कडक भाकरी मोडली होती. मग ती चावायचा आवाज. शेंगाचटणीचा वास पार माझ्यापर्यंत, विंगेत आला. प्रभाकरराव तिथं कपाळ धरून बसले. मी दात ओठ खाल्ले. कुणीतरी शुक् शुक् केलं, तशी तू दारातून तीरासारखी आलीस आणि शुक् शुक् करणाऱ्यालाच गप्प केलंस. रिक्षात मी तुला विचारलं, की बाई गं, बाप मरतोय आणि त्या भाकरी खातात, हे बरं का? "होटगीहून दुपारची निघालेली बाई आहे. भूक लागली तर काय करेल? माझंच चुकलं, मध्यंतरात खा म्हणून सांगायला पाहिजे होतं." दुसऱ्या दिवसापासून तुझ्या सांगण्यात आणखी एक वाक्य वाढलं. कडक भाकरी मध्यंतरात.

तरी मी अजूनही म्हणते, विमे, की त्या प्रवेशाची वाट लागली. तुझ्या मायेपुढं त्या बिचाऱ्या नटाच्या मेहनतीची तुला किंमत नव्हती त्या दिवशी. हे भांडण मी सोडलेलं नाही. पण गौरव्वा दुसऱ्या दिवशी परत आल्या, बरोबर गावातल्या चारदोन बायका घेऊन, आणि भाकरी मध्यंतरातच मोडली, सगळ्या रांगेला वाटून. आता तर त्या प्रभाकररावांपेक्षा कडक झाल्यात. मागं कुणी कुजबुजलं की वळून डोळे वटारतात. मागच्या वर्षी तूच त्यांना दटावलंस की, "गौरव्वा, भाकरी विसरलात व्हय?" तशा त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

आपलं मोठं भांडण मात्र वेगळं होतं. माझं म्हणणं, नव्या माणसाला नाटकाविषयी आधी चार शब्द सांगावेत. काळ कुठला, विषय काय, बघायचं काय. म्हणून तर मी पहिल्या घंटेनंतर माईक धरायची. आणि तू बाहेरून ऐकत असायचीस. माझं बोलणं लांबलं की दारातून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवायचीस. "कुंदे, तू त्यांची परीक्षा घेतल्यासारखं बोलतीस. नाटक समजावून सांगायचं नसतं. बाथरूम कुठं ते सांगायचं असतं." मी चिडायची. चिडणार नाही तर काय, रात्ररात्र वाचून मी ते लिहायची! नाटक सुटल्यावर मी लोकांना विचारायची, "कळलं का?" आणि तू विचारायचीस, "उद्या येताय का?" बस्, एवढाच आपल्या दोघींतला फरक.

माझं घोडं इथं का अडायचं, हे तुला माहीत होतं. तू मात्र ते कधी कुणाजवळ काढलं नाहीस. मी करमाळ्याकडच्या खेड्यातली. सोलापुरात नवी नोकरी, नवं बिऱ्हाड. वर्गात मुलांना एकांकिका शिकवत होते, नाट्य म्हणजे काय ते फळ्यावर लिहून देत होते, पण खरं नाटक डोळ्यांनी एकदासुद्धा बघितलेलं नव्हतं. गावात तमाशा यायचा, तिकडं आम्हा मुलींना फिरकायची बंदी. हेडमास्तरांनी महोत्सवाचं एक तिकीट हातात ठेवलं आणि मी इस्त्रीची साडी नेसून गेटाशी येऊन पोस्टर वाचत उभी राहिले. किती वेळ वाचलं, देव जाणे. मग एक किरकोळ बांध्याची बाई आली. "पहिल्यांदाच का?" म्हणाली. मी ताठ मानेनं सांगितलं, "छे, छे. नेहमी येते की." त्यावर तू काय म्हणालीस? "मग बरंच झालं. माझ्याबरोबर येता का? एकटीला आत जायला मला कसंतरी वाटतं."

तेवढ्यावर मी आत गेले. तुला सोबत करायला म्हणून! तिसऱ्या रांगेत मला बसवून "आलेच" म्हणालीस ती पडदा पडेपर्यंत आली नाहीस. आणि पहिल्या प्रवेशानंतर सगळीकडं अंधार झाला तेव्हा मला वाटलं, लाईट गेली. मी पर्समधली काडेपेटी शोधायला लागले. काडी ओढणार एवढ्यात दिवे आले आणि बघते तर स्टेजवर दुसरंच घर. त्या संध्याकाळी मला निम्मं नाटक कळलं नाही. तेव्हाच ठरवलं, की आपण कधी या कामात पडलो तर माणसांना असं आंधळं बसू द्यायचं नाही. माझ्या सगळ्या चार-चार पानी भाषणांच्या मुळाशी ती काडेपेटी आहे. तू एकदाच म्हणालीस त्यावर, "कळलं नव्हतं तरी दुसऱ्या दिवशी आलीसच की." आणि नव्या माणसांना सांगायच्या यादीत "मधेमधे अंधार होतो, लाईट गेलेली नसते" हे तू माझ्यामुळं घातलंस. कुणामुळं ते कधी सांगितलं नाहीस.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझा आवाज पार बसलेला. मी बडबड करत होते, यंदा पहिल्या दिवशी कुठलं नाटक आहे, मी काय ओळख लिहिली आहे. तू डोळे मिटूनच विचारलंस, "किती पानं?" मी म्हणलं, चार. तू उशीवर मान हलवलीस आणि काहीतरी बोलणार होतीस, तेवढ्यात सिस्टर आल्या आणि भेटायची वेळ संपली. मीही तुला एक सांगणार होते. की त्या दिवशी तू रस्ता ओलांडला नसतास तर मी तशीच घरी गेले असते आणि जन्मभर फळ्यावरचं नाटक शिकवत राहिले असते. माझं सगळं चांगलं त्या गेटापासून सुरू झालं. हे मी तुला कधीच म्हणाले नाही. म्हणाले असते तरी तू घड्याळावर बोट आपटलं असतंस, ती गोष्ट वेगळी.

आता कालचं ऐक.

तू गेल्यावर मंडळाची मीटिंग झाली. प्रभाकरराव बोलता बोलता रडले. खरंच गं, जन्मभर तुझ्याशी भांडलेला माणूस रुमालात तोंड घालून रडला. आणि म्हणाले, तिसऱ्या रांगेला विमलताईंचं नाव देऊ. मधल्या खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवू, आणि रांगेत त्यांची माणसं बसवू. घरचे, ऑफिसातले, मंडळातले, ज्यांना ज्यांना त्यांनी जीव लावला ते सगळे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, डोळे भरलेले होते. यात काय होऊन बसलंय ते एकाच्याही ध्यानात आलं नाही.

काल मी लवकर गेले आणि माईककडं न जाता गेटावर उभी राहिले, रसाच्या गाड्यापाशी. कुणीतरी उभं राहायला पाहिजे म्हणून. रसवाल्यानं न विचारता ग्लास भरून दिला. "ताईंचा टाइम झाला," म्हणाला, एवढंच. आणि समोर एक बाई दिसली. पन्नाशीची असेल, पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली, हातमागाची ठेवणीतली साडी. तिकीट मोबाईलवर होतं. स्क्रीन सारखी विझायची आणि ती सारखी बोट लावून जागी करायची. पोस्टर वाचून झालं. मग एकदम वळली आणि रिक्षाला हात केला.

माझी नजर तुझ्यासारखी नाही, पण एवढं मला दिसलं. मी पळत रस्ता ओलांडला. आणि तोंडातून काय निघावं? "माझ्याबरोबर येता का? एकटीला आत जायला मला कसंतरी वाटतं."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला पण तसंच वाटालंय," म्हणाली. "लेकीनं पुण्याहून तिकीट काढून दिलं. आमच्या घरात कोण नाटकाला गेलेलं नाही ओ. आत कसं असतंय काय माहीत नाही." नाव पद्मा. आम्ही दोघी आत गेलो.

आणि तिसरी रांग भरलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी ओळखीची माणसं. तुझ्या नणंदा, तुझ्या ऑफिसातल्या बायका, मंडळातले जुने सभासद. मधोमध तुझा हार घातलेला फोटो, शेजारी एका बाजूला तुझे यजमान दत्ताभाऊ आणि दुसऱ्या बाजूला मानानं बसवलेल्या गौरव्वा. रांगेच्या तोंडाला पाटी, "कै. विमलताई स्मृती रांग, राखीव". पाटीशी उभ्या असलेल्या मंडळाच्या मुलीनं पद्माबाईंना नम्रपणे सांगितलं, की ही रांग खास लोकांची आहे, वर बाल्कनीत जागा मिळेल. आणि पद्माबाईंचा चेहरा तसाच झाला जसा त्या दिवशी चपला काढून वळलेल्या गौरव्वांचा होणार होता. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "जाते मी. बघितलं तेवढं बास."

विमे, माझ्या डोक्यात सणक गेली. तुझ्या प्रेमापोटी आम्ही तुझ्याच रांगेतून तुझी माणसं हाकलत होतो, आणि वर हार घालून! मी त्यांना म्हणलं, "इथंच थांबा. हलायचं नाही." शाळेतला आवाज लावला. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मी स्टेजवर गेले. माईक हातात घेतला. चारही पानं तयार होती, आणि सांगते, चांगली होती. घडी करून पर्समध्ये टाकली. म्हणलं, "नमस्कार. बाथरूम बाहेर डाव्या हाताला आहे." लोक हसले. "मध्यंतरात चहा मिळेल. मधेमधे अंधार होतो, लाईट गेलेली नसते. नाही आवडलं तर खुशाल उठून जा, कुणी काही म्हणणार नाही. आणि कडक भाकरी मध्यंतरात." आता जुने लोक हसायचे थांबले होते. कुणाचे शब्द आहेत ते कळलं होतं त्यांना.

"विमलच्या रांगेत," मी म्हणलं, "विमलच्या ओळखीचं माणूस कधी बसत नव्हतं. मी सोलापुरात नवी आले तेव्हा नाटक कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. अंधार झाला तर मी काडेपेटी शोधली होती. तिनं मला या रांगेत बसवलं, एकदाच. परत कधी बसू दिलं नाही. आज जे जे तिच्या ओळखीचे तिथं बसलेत त्यांनी उठायचं आहे. फोटोसुद्धा."

विंगेतून प्रभाकररावांचा आवाज आला, "कुंदाताई, अहो, हे काय चाललंय?" एकही माणूस हलेना. मनात म्हणलं, कुंदे, मेलीस तू आज.

आणि गौरव्वा उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, पण उठल्या. "उठा की गं सगळ्या!" त्यांनी रांगेकडं बघून हाक दिली. "आपन काय नवं हाय व्हय? लई लाड झालं आपलं. ऊट की गं, तू बी!" एकेक खुर्ची खट्खट् वर व्हायला लागली. दत्ताभाऊंनी तुझा फोटो उचलून काखेत धरला. डोळ्यांत पाणी, पण हसत होते. "हिला कधी बसलेली बघितलीय का कुणी?" म्हणाले. ते जाऊन मागं दाराशी उभे राहिले, तू राहायचीस तिथं, फोटो स्टेजकडं तोंड करून धरून. तोपर्यंत विंगेतून प्रभाकरराव खाली उतरले, कुणाकडं न बघता त्यांनी ती राखीवची पाटी काढली आणि बगलेत घालून परत गेले. माझ्यावरचा राग त्यांचा राहिला, पण पाटी त्यांनीच काढली, हे लिहून ठेवते.

रांग रिकामी झाली. खाली उतरून पद्माबाईंना मी बसवलं आणि परत स्टेजवर आले. पण बाकीच्या खुर्च्यांचं काय? पहिल्यांदा कोण आलंय, हात वर करा, असं विचारायची मला ऊर्मी आली. पण ते तुला चालत नसे. नव्या माणसाला चारचौघांत नवा म्हणायचं नाही. मी माईक खाली घेतला. आणि मग बघितलं, की उठलेल्या बायका आपापल्या नव्या जागेकडं गेल्याच नव्हत्या. एक बाल्कनीच्या जिन्याकडं चालली होती, एक बाहेर गेटाकडं. तुझ्या ऑफिसातल्या सुरेखानं खांबाआड उभ्या असलेल्या कॉलेजच्या दोन मुलींना गाठलं होतं. ज्यांना तू एकेकाळी हुडकलं होतंस, त्याच आता हुडकत होत्या. त्यांना सगळ्यांना कळत होतं, नवा माणूस कसा दिसतो ते. का नाही कळणार, त्या तशाच उभ्या होत्या एके दिवशी.

गौरव्वा माझ्या समोरूनच एका नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला घेऊन आल्या. त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "माज्यासंगं चला की रे बाबांनो. एकटीला आत जायाला मला कसंतरी वाटतंय."

मी बघतच राहिले. मागून सुरेखा आली, तिच्याही तोंडी तेच. जिन्यावरून येणारीच्याही. अगं बये! म्हणजे हे तू सगळ्यांनाच सांगत होतीस होय? आणि इतकी वर्षं मी समजत होते, की ते वाक्य फक्त माझ्यासाठी होतं, तुला खरंच एकटीला कसंतरी वाटत होतं! भामटी कुठली. स्टेजवर उभी राहून मी हसत होते आणि रडत होते, आणि माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. काय अभिमान वाटला गं मला तुझा! वाटलं ओरडून सांगावं, बघा, ही माझी मैत्रीण. एकेका माणसाला गेटावरून आत आणत आणत हिनं हे अख्खं नाट्यगृह भरलंय. तिसरी घंटा झाली तेव्हा तिसऱ्या रांगेत एकही खुर्ची रिकामी नव्हती आणि एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता.

नाटक मी दाराशी उभं राहून बघितलं, दत्ताभाऊंच्या शेजारी. पाय दुखले. तू कशी उभी राहायचीस कोण जाणे.

सुटल्यावर पद्माबाई मला शोधत आल्या. माझ्या जिभेवर "कळलं का?" आलं होतं, शपथ. गिळलं. म्हणलं, "उद्या येताय का?"

"येते की," त्या म्हणाल्या. "सूनबाईला पण आणते. ती जागा ठेवाल का माझी?"

"उद्या ती जागा तुमची नाही. सूनबाईंना बसवू तिथं. तुम्ही आता जुन्या झालात."

बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "जुनी? एका दिवसात?"

"हां. आणि उद्या जरा लवकर या. गेटावर उभ्या राहा माझ्याबरोबर. कुणी घुटमळताना दिसलं तर आत घेऊन यायचं."

"मी? मी काय म्हणू त्यांना?"

"मी तुम्हाला काय म्हणलं होतं?"

त्यांनी जरा आठवलं. मग एकदम डोळे बारीक केले. "म्हणजे ते खोटंच होतं की ओ! तुमचं तर रोजचंच येणं-जाणं. तुम्हाला कशाला कसंतरी वाटतंय?"

"नाही बाई," मी म्हणलं. "आज खरं होतं."

त्यांनी दाराशी फोटो धरून उभ्या असलेल्या दत्ताभाऊंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता माझा हात धरला. गेटापर्यंत आम्ही तशाच चालत गेलो.

बघ, लिहिता लिहिता दुपार कलली. कालची चार पानं पर्समध्येच आहेत, आजच्या नाटकाचीही चार तयार आहेत, आणि त्यातलं एक मी वाचणार आहे. एकच, पण वाचणारच. तुझं सगळं ऐकीन असं समजू नकोस. आता उठते. पद्माबाई लवकर येणार आहेत, आणि त्यांना गेटावर एकटं वाटायला नको.